बीना–ग्वाल्हेर लाइनचा धडा

(मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत महादजी शिंदे होतात, तानसेन होतो, नाट्यसंगीत होते. यंदा कार्यकारिणीने जरा वेगळा विषय दिला. वीज, पाणी, बँक, रेल्वे, दवाखाना या अत्यावश्यक सेवा बंद पडण्याचा धोका देशाने कसा सांभाळायचा? हा तर इंजिनिअर मंडळींचा विषय, असे कुणी म्हणेल. आम्ही पडलो बँकेतले कारकून, शिक्षण बी.कॉम. परंतु धोका ओळखायचा, त्यासाठी पैसा आधीच बाजूला काढायचा आणि तो काढला की नाही याचा हिशेब दाखवायचा, हे आमचे रोजचेच काम आहे. त्याला आमच्याकडे तरतूद म्हणतात. दुसरे कारण असे की, या विषयातला आपल्या देशातला सर्वांत मोठा दाखला सरकारी अहवालात आपल्या गावाच्या नावाने नोंदलेला आहे. तेव्हा ग्वाल्हेरकरांनी तो समजून घेतला पाहिजे.

३० जुलै २०१२ ची पहाट. २ वाजून ३३ मिनिटांनी दिल्ली, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान असा सगळा उत्तर विभाग अंधारात गेला. तो सावरायला दुपारचे चार वाजले. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच ३१ जुलैला दुपारी एक वाजता उत्तर विभाग पुन्हा गेला आणि जाताना पूर्व व ईशान्य विभागांनाही घेऊन गेला. साठ कोटींहून अधिक लोक राहतात एवढा मुलूख विजेवाचून राहिला. शेकडो गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. दिल्लीची मेट्रो थांबली. बंगालमधल्या कोळसा खाणींत सुमारे दोनशे कामगार खाली अडकले. सुदैवाने ते सगळे सुखरूप वर आले.

दोन्ही दिवशी सर्वांत आधी तुटली ती एकच लाइन, ४०० केव्हीची बीना–ग्वाल्हेर. पश्चिम विभागातून उत्तरेकडे जाणारी वीज बीनाहून ग्वाल्हेरला आणि ग्वाल्हेरहून आग्र्याला जाते. म्हणजे आपल्या शहराजवळून देशाची एक मोठी धमनी जाते, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते ठाऊकही नव्हते.

त्या लाइनवर झाड पडले नव्हते, वीज कोसळली नव्हती, कुणी घातपातही केला नव्हता. केंद्र सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने ऑगस्ट २०१२ मध्ये अहवाल दिला, त्यातली कारणे साध्या भाषेत सांगतो. पहिले कारण, बीना–ग्वाल्हेरची दुसरी लाइन क्षमता वाढवण्याच्या कामासाठी बंद होती. आणखीही काही लाइनी बंद होत्या, त्यामुळे सारा भार एकीवर आला. दुसरे, उत्तरेकडे उकाडा होता, पाऊस कमी होता, पंप चालू होते, आणि तिकडची राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. इकडे पश्चिमेत पाऊस झाल्याने मागणी कमी होती, म्हणून वीज शिल्लक होती आणि ती आपसूक उत्तरेकडे वाहत होती. तिसरे, भार प्रेषण केंद्र, म्हणजे लोड डिस्पॅच सेंटर, राज्यांना सांगत होते की ओढ कमी करा. त्याला पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. शेवटी लाइनवरचा भार इतका वाढला की संरक्षणासाठी बसवलेल्या रिलेला तो बिघाडच वाटला आणि तिने लाइन तोडली. एक तुटली की तिचा भार शेजारणीवर, ती तुटली की पुढचीवर. काही सेकंदांत सगळा खेळ आटोपला.

बँकेच्या भाषेत याला मर्यादेबाहेरचा ओव्हरड्राफ्ट म्हणतात. एका खातेदाराने मर्यादा ओलांडली तर बँक सांभाळून घेते. सगळ्यांनी एकाच दिवशी ओलांडली तर बँकच बसते. तेव्हाचा नियम असा होता की, ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर त्या वेळच्या फ्रिक्वेन्सीप्रमाणे दर द्यायचा. म्हणजे दर भरायची तयारी असेल त्याला ओढायला एक प्रकारे मोकळीकच. २०१४ च्या फेब्रुवारीपासून हा नियम बदलला आणि ठरलेल्या वेळापत्रकापासून ढळणाऱ्यावर कडक बंधने आली. ही सुधारणा चांगली झाली. पण ती साठ कोटी लोकांनी अंधार पाहिल्यावर झाली, हे विसरायचे नाही.

आता त्या राज्यांना नावे ठेवणे सोपे आहे. जरा आपल्या गल्लीत या. नळाला पाणी येण्याची वेळ झाली की किती घरांतून टुल्लू चालू होतो? ज्याच्याकडे टुल्लू नाही, त्याच्या नळाला मग धार येत नाही. म्हणून पुढच्या महिन्यात तोही टुल्लू आणतो. पाइप जिथे गळका असेल तिथून ही ओढ बाहेरची घाणही आत घेते आणि ती सगळ्यांच्याच माठात जाते. पंजाबने, हरियाणाने, उत्तर प्रदेशाने विजेचे जे केले, तेच आपण पाण्याचे रोज करतो. प्रत्येकाचे कारण रास्त असते, "आमच्या घरच्यांना पुरले पाहिजे." पण तार सगळ्यांची असते, पाइप सगळ्यांचा असतो.

आमच्या क्षेत्रातही हेच घडते. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय अडखळले. व्यवहार झाला की नाही याची विचारणा बँकांच्या यंत्रणांकडून पुनःपुन्हा होत राहिली आणि त्या विचारणांचाच बोजा मध्यवर्ती यंत्रणेवर पडला, असे कारण पुढे आले. घाबरून सगळ्यांनी एकदम दार ठोठावले की उघडे दारही अडते.

अशा सामायिक व्यवस्थेचा धोका टाळता येतच नाही का? येतो. त्याचाही पुरावा याच ग्रिडने दिला आहे. ३ एप्रिल २०२० रोजी पंतप्रधानांनी आवाहन केले की ५ तारखेला रात्री ९ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवा. आपल्याला तो पणत्या लावण्याचा कार्यक्रम वाटला, पण वीज खात्यात धावपळ उडाली होती. सगळ्या देशाने दिवे एकदम मालवले तर मागणी कोसळणार, आणि नऊ मिनिटांनी ती एकदम वर जाणार. अंदाज बारा ते चौदा हजार मेगावॉटचा होता. प्रत्यक्षात सुमारे ३१ हजार मेगावॉटने मागणी उतरली. तरीही ग्रिड हलली नाही. कारण दोन दिवसांत योजना ठरली होती, कुणी काय करायचे ते लिहून दिले होते, आणि झटकन कमी-जास्त करता येणारी जलविद्युत केंद्रे त्यासाठीच राखून ठेवली होती. अंदाज दुपटीने चुकला तरी पुरेल एवढी गुंजाइश हाताशी होती. देश तोच होता, ग्रिडही तीच होती. २०१२ मध्ये राखीव नव्हते आणि सांगितलेले ऐकले गेले नाही. २०२० मध्ये राखीव होते आणि सगळ्यांनी ऐकले.

त्याच वर्षी मुंबईने दुसरी बाजू दाखवली. बाहेरची ग्रिड कोसळली तरी मुंबईने आपली वीज घेऊन बेटासारखे अलग राहायचे, अशी योजना तिथे १९८१ पासून आहे आणि तिने शहराला अनेकदा तारले आहे. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ती टिकली नाही. लोकल थांबल्या, करोनाच्या दिवसांत दवाखान्यांना जनरेटरवर यावे लागले. बेट टिकायला आतल्या गरजेच्या मानाने आतली निर्मिती हवी. त्या वेळी ती कमी पडली. नंतर परदेशी सायबर हल्ल्याची चर्चा झाली. राज्य सरकारला तसा संशय होता, केंद्रीय मंत्री मानवी चूक म्हणाले. शत्रू असो की चूक, शहराला लागणारी तयारी मात्र एकच होती आणि ती त्या दिवशी अपुरी होती. चाळीस वर्षांपूर्वी केलेली तरतूद दरवर्षी नव्याने मोजावी लागते. शहर वाढते, पण तरतूद आपोआप वाढत नाही.

तरतूद म्हटली की ग्वाल्हेरकरांना किल्ल्यावरची गंगाजळी आठवते. आपल्या आजी-आजोबांनी ती गोष्ट सांगितलेली आहे. शिंदे सरकारांनी लढाई आणि दुष्काळ यांसाठी खजिना तळघरांत राखून ठेवला. आजही देशाच्या परकीय चलनाच्या साठ्याला मराठी वर्तमानपत्रे गंगाजळीच म्हणतात. पण गोष्टीचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा आहे. त्या तळघरांचे गुपित फक्त महाराजांना ठाऊक असे. १८८६ मध्ये जयाजीराव महाराज गेले, तेव्हा माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. गुपित सांगायचे राहून गेले आणि खजिना असूनही कुठे आहे ते कुणाला कळेना, असे म्हणतात. पुढे तो सापडला, ही गोष्ट निराळी. पण राखीव आहे आणि ते वापरण्याची किल्ली एकाच माणसाकडे आहे, तर अडीअडचणीच्या दिवशी ते नसल्यासारखेच. कुठला व्हॉल्व्ह कसा फिरवायचा हे एकाच जुन्या कर्मचाऱ्याला माहीत, आणि तो येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार, ही आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांची स्थिती आहे. गंगाजळीची गोष्ट तिथे रोज घडते.

यासाठीच बँकांत एक शिस्त आहे. मुख्य संगणक केंद्र बंद पडले तर दूरच्या शहरात दुसरे तयार असते. पण ते नुसते असून भागत नाही, चालवून पाहावे लागते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ऐन दुपारी चार तास बंद पडले होते. पुढे २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजाराने खरेखुरे व्यवहार पर्यायी केंद्रावरून करून दाखवले. कागदावरची कवायत आणि खरी कवायत यांत हा फरक आहे.

दुसरी शिस्त आजारी भाग वेगळा काढण्याची. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. देशाच्या पेमेंट यंत्रणेने त्या कंपनीचा संबंध तात्पुरता तोडला. सुमारे तीनशे सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांना त्रास झाला, एटीएम आणि यूपीआय बंद राहिले. पण संसर्ग पुढे गेला नाही आणि दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली. तुटण्याचा निर्णय माणसांनी वेळेवर घेतला तर तीनशे बँका एक दिवस थांबतात. तो न घेतला तर रिले घेते आणि अर्धा देश अंधारतो.

कायदे नाहीत असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ज्या संगणक यंत्रणा बंद पडल्या तर देशाची सुरक्षा, अर्थव्यवस्था किंवा लोकांचे आरोग्य धोक्यात येईल, त्यांना विशेष संरक्षण आहे. त्यासाठी २०१४ मध्ये एक राष्ट्रीय केंद्रही नेमले गेले. तरी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सचे संगणक बंद पडले आणि देशातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्याला कित्येक दिवस कागद-पेनाने काम करावे लागले. आम्हाला यात एक उणीव दिसते. वीज कंपनी विजेचा धोका पाहते, नगरनिगम पाण्याचा, दवाखाना दवाखान्याचा, बँक बँकेचा. पण वीज गेली की पंप थांबतो, पंप थांबला की दवाखान्याचे पाणी जाते, मोबाइल टॉवरची बॅटरी संपली की बँकेचे यंत्र मुके होते. या सांध्यांवर कोण उभा आहे? प्रत्येक खात्याची वही वेगळी आहे आणि सांध्याची वही कुणाकडेच नाही.

आपल्या शहराला हे सांगायला बाहेरचे दाखले नकोत. सांक नदीवरचे तिघरा धरण माधवराव महाराजांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी बांधले. १९१७ च्या ऑगस्टमध्ये, नवे असतानाच, पायाखालच्या खडकात पाणी शिरून ते फुटले आणि मनुष्यहानी झाली. मग ते पुन्हा बांधले गेले. शंभर वर्षांनंतर आजही शहराची तहान मुख्यतः त्यावरच आहे. ज्या गोष्टीवाचून चालत नाही तिला पाठराखण हवी, हे आपण तेव्हापासून जाणतो.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची कवायत झाली. मध्य प्रदेशातल्या पाच शहरांत ग्वाल्हेर होते. सायरन वाजले, आपण काही मिनिटे दिवे मालवले, मुलांना मौज वाटली. कवायत झाली हे उत्तमच. पण त्या दिवशी आपण दिवे मालवायला शिकलो. बारा तास दिवे आलेच नाहीत तर काय करायचे, याची कवायत अजून व्हायची आहे.

आता आपल्या समाजाबद्दल थोडे स्पष्ट बोलू, ज्येष्ठांनी क्षमा करावी. आपली जुनी घरे लष्करात, दौलतगंजात, जयेंद्रगंजात आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत. वाड्यात काका-काकू दोघेच, कुठे नुसत्या काकू. पेन्शन बँकेत, बीपीच्या गोळ्या महिन्याच्या हिशेबाने, काहींना घरीच ऑक्सिजनचे यंत्र. जिन्याखाली इन्व्हर्टर, अंगणात बोअरिंग, नळाला टुल्लू. मुलाने तिकडून पैसे पाठवून सगळे बसवून दिले, म्हणून आपण निर्धास्त. पण इन्व्हर्टर चार तासांचा आणि बोअरिंग विजेवरचे. घरचा बंदोबस्त झाला की वॉर्डाच्या बैठकीला जाणे सुटते, तक्रार करणे सुटते, आणि मत देताना हा विषय डोक्यातून जातो. ज्यांना लिहिता-बोलता येते तेच गप्प बसले तर सार्वजनिक नळाचे आणि तारेचे कोण पाहणार? आणि तो नळ आटला की त्याचा पहिला चटका या एकट्या काकूंनाच बसणार.

मंडळाचा कुठला पक्ष नाही. पण प्रश्न विचारायला पक्ष लागत नाही. नगरनिगमच्या पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार हळदीकुंकवाला, गणपतीला आपल्या दारी येईल, त्याला चार प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे.

एक, वीज बारा तास गेली तर आपल्या वॉर्डाच्या टाकीत किती तासांचे पाणी असते, आणि कोणत्या पंपांना पर्यायी वीज आहे? आकडा लेखी द्यावा.

दोन, सरकारी दवाखान्यांचे जनरेटर पूर्ण भार टाकून शेवटचे केव्हा चालवून पाहिले? नुसते सुरू करून बंद केले, हे उत्तर नको.

तीन, पाणी, वीज, दवाखाना, दूरसंचार आणि बँका यांची एकत्र कवायत वर्षातून एकदा होईल का, आणि तिच्यात काय कमी पडले ते लोकांसमोर ठेवले जाईल का?

चार, ज्यांच्या हातात व्हॉल्व्ह आणि स्विच आहेत, त्यांच्या जागा भरलेल्या आहेत का, आणि त्यांचे ज्ञान लिहून ठेवले आहे का?

याला पैसा लागेल. उभा राहिलेला जनरेटर, भरलेली टाकी, कवायतीत गेलेला दिवस हे सगळे हिशेबात खर्च म्हणून दिसते आणि उत्पन्न काहीच दिसत नाही. नेत्यांना अशा खर्चाची कोनशिला बसवता येत नाही, म्हणून तो आधी कापला जातो. आम्ही बँकवाले सांगतो की तरतूद ही नफ्यातूनच जाते, भागधारक कुरकुरतात, आणि तरीही ती करावीच लागते. न केली तर रिझर्व्ह बँक करायला लावते. नगरनिगमला रिझर्व्ह बँक नाही. तिथे ते काम मतदाराचे आहे.

आणि उपदेश दुसऱ्यालाच करू नये, म्हणून मंडळानेही काही करावे. प्रत्येक गल्लीतल्या एकट्या ज्येष्ठांची यादी करावी, त्यात ऑक्सिजन, डायलिसिस, इन्सुलिन यांची नोंद ठेवावी आणि प्रत्येक नावापुढे दोन तरुणांची नावे लिहावीत. एकच नको, गंगाजळी आठवा. घरात आठवड्याच्या खर्चाची रोकड सुट्ट्या नोटांत ठेवावी. आम्ही ग्राहकांना डिजिटल व्यवहार शिकवतो, तरी हे सांगतो. पंधरा दिवसांची औषधे, बॅटरीवरचा रेडिओ आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर ठेवावेत. आणि नळाचा टुल्लू बंद करण्याची सुरुवात मंडळाच्या सभासदांनी आपल्या घरापासून करावी. आधी आपण ओढ कमी केली, तर नगरनिगमला सांगायला आपले तोंड राहील.

या चार प्रश्नांचा मसुदा अध्यक्षांकडे दिला आहे. कार्यकारिणीने तो मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत छापावा, म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या बिगरमराठी कुटुंबांनाही सही करता येईल. पाणी आणि वीज आपल्या दोघांच्या घरी एकाच पाइपने, एकाच तारेने येते. यादीचे फॉर्म दारापाशी ठेवले आहेत, जाताना आपल्या गल्लीचा घेऊन जावा आणि पुढच्या सभेला भरून आणावा.